नऊ पंख्यांची बोट : सर चार्ल्स पार्सन्स



तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मोटरवर पळणारी बोट हमखास असते. कुणी थर्माकोलची करतं, कुणी प्लॅस्टिकच्या बाटलीची. हल्ली रिमोटवर चालणारी, शर्यतीची बोटही काही मुलं आणतात. बोट हळू चालली की आपल्या डोक्यात पहिला विचार येतो तो मोठ्या मोटरचा. मग मोटर बदलायची, बॅटरी वाढवायची. मोटर जोरात फिरते, पाणी खळखळ घुसळलं जातं, पण बोट काही पळत नाही! असं का होत असेल बरं?

सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंजिनिअरची अगदी अशीच फजिती झाली होती. फरक एवढाच की त्यांची बोट १०० फूट लांब होती आणि तिच्यावर त्यांची सगळी प्रतिष्ठा पणाला लागलेली होती. त्यांचं नाव सर चार्ल्स पार्सन्स. वाफेच्या टर्बाइनचे जनक म्हणून ते जगाला माहीत आहेत. पण आज आपण त्यांचं चरित्र बोटीच्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या बाजूने पाहणार आहोत.

बालपण : घर हीच शाळा

चार्ल्स अल्जर्नन पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडनमध्ये झाला. मूळ घर मात्र आयर्लंडमधल्या बर गावच्या किल्ल्यात. वडील विल्यम पार्सन्स हे मोठे जमीनदार, पण त्यांना नाद होता दुर्बिणींचा. त्यांनी ७२ इंच व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण स्वतःच्या आवारात उभी केली होती. कित्येक वर्षं ती जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. आई मेरी या फोटोग्राफीत निष्णात होत्या आणि लोहारकामातही त्यांना गती होती.

चार्ल्स आणि त्याचे भाऊ शाळेत गेलेच नाहीत. त्यांना शिकवायला घरी शिक्षक येत. त्यांच्यापैकी एक होते रॉबर्ट बॉल, जे पुढे नामवंत खगोलशास्त्रज्ञ झाले. पण खरं शिक्षण झालं ते घरच्या कार्यशाळेत. भट्टी, लेथ, ओतकाम हे सगळं मुलांच्या हाताशी होतं. वस्तू करून बघायची, मोडली तर का मोडली ते बघायचं आणि पुन्हा करायची, ही सवय चार्ल्सला तिथेच लागली.

याच घरात एक दुःखद घटनाही घडली. पार्सन्स भावांनी वाफेवर चालणारी एक गाडी बनवली होती. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी त्या गाडीतून जात असताना त्यांची नातेवाईक मेरी वॉर्ड वळणावर खाली पडली आणि चाकाखाली सापडून मरण पावली. मेरी वॉर्ड स्वतः सूक्ष्मदर्शकावर पुस्तकं लिहिणाऱ्या विदुषी होत्या. यंत्राच्या वाहनाने झालेला जगातला हा पहिल्या काही मृत्यूंपैकी एक मानला जातो. चार्ल्स तेव्हा १५ वर्षांचा होता. वडील तर दोन वर्षांपूर्वीच गेले होते. यंत्र म्हणजे खेळ नव्हे, हे त्या मुलाला फार लवकर कळलं.

पुढे डब्लिन आणि केंब्रिज इथे शिक्षण झालं. १८७७ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या कठीण परीक्षेत ते अकरावे आले. इतक्या मोठ्या घरातला, एवढा शिकलेला मुलगा! पण त्याने न्यूकॅसलजवळच्या आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. हात काळे करायची त्यांना लाज वाटली नाही.

टर्बाइन म्हणजे वाफेचा नाणेघाट

त्या काळी वाफेची इंजिनं दट्ट्यावर चालत. दट्ट्या पुढे-मागे, पुढे-मागे. या हिसक्यांमुळे यंत्र थरथरे आणि वेगालाही मर्यादा पडे. वाफेने सरळ चाकच फिरवता आलं तर? हा विचार जुनाच होता. अडचण अशी, की दाबाखालची वाफ एकदम मोकळी सोडली तर तिचा वेग इतका भयंकर असतो की त्या वेगाला पुरं पडेल असं चाक फिरवणंच अशक्य.

पार्सन्स यांनी काय केलं? आपल्या मुरबाडचा नाणेघाट आठवा. घाटमाथ्यावरून खाली यायला आपण एकदम उडी मारतो का? नाही, दगडाच्या पायऱ्यांवरून एकेक पाऊल टाकत उतरतो. पार्सन्स यांनी वाफेलाही पायऱ्या दिल्या. एकामागून एक पात्यांची अनेक चाकं बसवली. प्रत्येक चाकापाशी वाफेचा दाब थोडाच उतरतो, थोडीच ताकद मिळते, पण सगळ्यांची बेरीज मोठी होते. १८८४ मध्ये त्यांनी या यंत्राचं पेटंट घेतलं. पहिलं टर्बाइन मिनिटाला सुमारे १८,००० फेरे मारत होतं आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून वीज मिळत होती.

आज कोळशावर किंवा अणुशक्तीवर चालणाऱ्या वीज केंद्रांत वाफेची टर्बाइनंच फिरतात. आपल्या कल्याणजवळ ठाकुर्लीला रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस होतं, तिथेही वाफेच्या टर्बाइनवर विजेच्या गाड्यांसाठी वीज तयार व्हायची.

पण यशाबरोबर कटकटही आली. १८८९ मध्ये भागीदारांशी मतभेद होऊन पार्सन्स बाहेर पडले आणि न्यूकॅसलला स्वतःचा कारखाना काढला. पेटंटं मात्र जुन्या कंपनीकडेच राहिली! म्हणजे स्वतःच शोधलेलं यंत्र स्वतःलाच बनवता येईना. ते रडत बसले नाहीत. वाफ वेगळ्या दिशेने वाहणारं दुसऱ्या प्रकारचं टर्बाइन त्यांनी तयार केलं आणि धंदा चालू ठेवला. मूळ हक्क परत मिळायला पुढे सुमारे पाच वर्षं लागली.

टर्बिनिया : ताकद भरपूर, वेग कमी

आता पार्सन्स यांना टर्बाइनवर जहाज चालवायचं होतं. नौदलातले लोक आधी विश्वास ठेवायला तयार नव्हते. म्हणून एक प्रयोगाची बोट बांधायचं ठरलं. काही सहकाऱ्यांनी पैसे घातले आणि कंपनी उभी राहिली.

पार्सन्स यांनी सुरुवात कशी केली, हे नीट वाचा, कारण ते आपल्याही हातातलं आहे. त्यांनी आधी सुमारे २ फुटांची लहान बोट केली आणि ती दोरीने पाण्यातून ओढून तिला किती विरोध होतो ते मोजलं. मग सुमारे ६ फुटांची केली. तिच्यात पीळ दिलेल्या रबराने पंखा फिरवला, खेळण्यातल्या विमानात असतो तसा. या मापांवरून मोठ्या बोटीचा आकार आणि लागणारी ताकद त्यांनी ठरवली.

मोठी बोट तयार झाली. लांबी १०० फूट, रुंदी फक्त ९ फूट, वजन सुमारे ४४ टन. नाव ठेवलं ‘टर्बिनिया’. नोव्हेंबर १८९४ मध्ये टाइन नदीवर तिची पहिली चाचणी झाली. एक टर्बाइन, एक दांडा, त्यावर एक पंखा. अपेक्षा होती तीसच्या वर नॉटची. प्रत्यक्षात पंखे बदलून बदलून पाहिले, तरी वेग पावणेवीस नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण साडेछत्तीस किलोमीटरच्या पुढे सरकेना.

आता प्रश्न पडला, दोष कुणाचा? टर्बाइनचा की पंख्याचा? विरोधक टर्बाइनलाच नावं ठेवणार हे उघड होतं. पार्सन्स यांनी अंदाज बांधला नाही, मोजमाप केलं. टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये त्यांनी स्प्रिंगचं एक उपकरण बसवलं. दांड्याला किती पीळ बसतो यावरून टर्बाइन किती ताकद देतं ते कळू लागलं. उत्तर स्पष्ट आलं. टर्बाइन आपलं काम चोख करत होतं. ताकद वाया जात होती ती पंख्यापाशी. पंखा जितका पुढे सरकायला हवा होता, त्याच्या जवळपास निम्माच सरकत होता. बाकी नुसतं पाणी घुसळणं!

पाण्यातले फसवे बुडबुडे

पंखा असा का फसतो? सोपं करून पाहू या.

पंख्याचं पातं फिरताना मागच्या बाजूने पाणी ढकलतं आणि पुढच्या बाजूने पाणी ओढून घेतं. ओढणाऱ्या बाजूला पाण्याचा दाब कमी होतो. आता दाब आणि उकळणं यांचा संबंध आठवा. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं. आपल्या माहुली गडाच्या माथ्यावर हवेचा दाब कमी, म्हणून तिथे ते साधारण ९७ अंशांनाच उकळेल. दाब जर फारच कमी झाला, तर थंड पाणीसुद्धा उकळू लागतं! अति वेगाने फिरणाऱ्या पात्यावर नेमकं हेच होतं. पात्याला चिकटून वाफेच्या पोकळ्या तयार होतात. पंख्याला पकडायला पाणीच उरत नाही, तो पोकळीत गरगरतो. शिवाय या पोकळ्या फुटतात तेव्हा असा दणका बसतो की धातूलाही खड्डे पडतात. या प्रकाराला ‘कॅव्हिटेशन’ म्हणतात. त्याच सुमारास ब्रिटिश नौदलाच्या ‘डेअरिंग’ या जहाजावरही हीच अडचण आली होती.

नदीच्या गढूळ पाण्याखाली हे बघायचं कसं? पार्सन्स यांची युक्ती पाहा. १८९५ मध्ये त्यांनी तांब्याच्या नळीचं एक बंद कडं केलं, त्याला काचेची खिडकी ठेवली आणि आत २ इंचांचा चिमुकला पंखा बसवला. पाणी गरम केलं आणि वरचा दाब कमी केला. पाणी आधीच उकळीच्या जवळ असल्यामुळे छोट्या पंख्यावर कमी वेगातच पोकळ्या दिसू लागल्या. पंख्याच्या फेऱ्यांशी जुळवून लखलखणारा प्रकाश टाकला, म्हणजे फिरणारा पंखा जणू स्थिर दिसे आणि पोकळी कुठे सुरू होते ते डोळ्यांनी पाहता येई. जगातली ही पहिली कॅव्हिटेशनची टाकी. ती आजही न्यूकॅसलच्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहे.

नऊ पंखे

रोग कळला, आता औषध. सगळा भार एकाच पंख्याच्या थोड्याशा पात्यांवर पडत होता, म्हणून दाब इतका उतरत होता. मग भार वाटून द्यायचा! एका माणसाने उचलण्याची गोणी चौघांनी उचलली की कुणाची कंबर मोडत नाही.

१८९६ मध्ये पार्सन्स यांनी बोटीचं पोट पुन्हा उघडलं. एका टर्बाइनऐवजी तीन बसवली. वाफ आधी जास्त दाबाच्या, मग मधल्या, मग कमी दाबाच्या टर्बाइनमधून जाऊ लागली. तिन्हींना वेगवेगळे दांडे आणि प्रत्येक दांड्यावर एकामागे एक असे १८ इंच व्यासाचे तीन पंखे. एकूण नऊ!

डिसेंबर १८९६ मध्ये वेग साडेएकोणतीस नॉटच्या पुढे गेला. १८९७ च्या एप्रिलमध्ये तो पावणेतेहतीसपर्यंत पोचला आणि शेवटी ३४ नॉटच्याही वर, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास. त्या वेळी जगात एवढ्या वेगाने पळणारं दुसरं जहाज नव्हतं.

२६ जून १८९७. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाल्याबद्दल स्पिटहेडच्या समुद्रात दीडशेहून जास्त युद्धनौका रांगेत उभ्या होत्या. देशोदेशीचे पाहुणे आले होते. अशा वेळी ही चिंचोळी बोट रांगांमधून सुसाट पळू लागली. तिला अडवायला नौदलाच्या गस्ती बोटी धावल्या, पण कुणालाही ती सापडेना. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. कागदावर जे पटत नव्हतं ते डोळ्यांसमोर दिसलं.

यशामागून आलेलं दुःख

नौदलाने टर्बाइनवर चालणारी ‘व्हायपर’ आणि ‘कोब्रा’ ही जहाजं घेतली. दोन्ही वेगवान होती, पण १९०१ मध्ये दोन्ही बुडाली. व्हायपर धुक्यात खडकावर आदळली, तर कोब्रा खवळलेल्या समुद्रात मधोमध मोडली. कोब्रावरची साठहून अधिक माणसं गेली. त्यांत पार्सन्स यांच्या कारखान्यातले सहकारीही होते. दोष टर्बाइनचा नव्हता, तरी आपली माणसं गेली ती गेलीच.

टर्बाइन मात्र थांबलं नाही. त्याच वर्षी ‘किंग एडवर्ड’ ही टर्बाइनवर चालणारी पहिली प्रवासी बोट धावू लागली. १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ युद्धनौका आली, १९०७ मध्ये ‘मॉरिटानिया’ हे भलंमोठं प्रवासी जहाज आलं. आपल्या नौदलाची पहिली ‘विक्रांत’ तुम्हाला माहीत आहे. १९६१ मध्ये ती नौदलात दाखल झाली आणि निवृत्त झाल्यावर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिचे पंखेही पार्सन्स पद्धतीच्या टर्बाइनवरच फिरत.

अजून एक गोष्ट पार्सन्स यांच्या मनात सलत होती. टर्बाइन जितकं जोरात फिरेल तितकं चांगलं, पण पंखा जितका सावकाश फिरेल तितका चांगला. दोघांचा संसार जुळायचा कसा? त्यांनी मध्ये दातेरी चाकं बसवली. ‘व्हेस्पेशियन’ नावाचं एक जुनं मालवाहू जहाज विकत घेऊन १९१० च्या सुमारास त्यावर हा प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. वय पन्नाशीच्या पुढे, नाव झालेलं, पैसा आलेला, तरी स्वतःच्याच कामातली उणीव त्यांनी स्वतःच शोधून भरून काढली.

१९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९२७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’. पण १९१८ च्या एप्रिलमध्ये, पहिल्या महायुद्धात, त्यांचा एकुलता एक मुलगा मारला गेला. मुलगी रेचेल आणि पत्नी कॅथरीन यांनी १९१९ मध्ये स्त्री इंजिनिअरांची संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. रेचेल तिची पहिली अध्यक्ष झाली.

सगळेच प्रयोग फळले असं नाही. कृत्रिम हिरे बनवण्यासाठी त्यांनी अनेक वर्षं आणि भरपूर पैसा घातला, हिरा काही झाला नाही. वडिलांच्या दुर्बिणींची ओढ मात्र शेवटपर्यंत राहिली. १९२५ मध्ये त्यांनी ग्रब या दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीचा कारभार हाती घेतला. याच ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्रा. कावसजी नायगमवाला यांनी बसवली होती.

११ फेब्रुवारी १९३१ रोजी जमैकाच्या किंग्स्टन बंदरात, सफरीवर असताना जहाजावरच सर चार्ल्स पार्सन्स यांचं निधन झालं. टर्बिनिया आजही न्यूकॅसलच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

आपल्या बोटीसाठी काय शिकायचं?

आता आपल्या रिमोटच्या बोटीकडे येऊ. पंखा निवडताना दोन मापं बघायची.

पहिलं माप व्यास. मोटर तेवढेच फेरे मारणार असेल, तर त्याच आकाराचा पंखा फक्त १० टक्के मोठा घेतला तरी सुमारे ६० टक्के जास्त ताकद लागते! म्हणून मोठा पंखा लावला की मोटर तापते, बॅटरी झटकन उतरते.

दुसरं माप पिच. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो जेवढा आत जातो, तसाच पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे जायला हवा ते त्याचं पिच. समजा पंख्याचा व्यास ४० मिलिमीटर आहे आणि पिच व्यासाच्या १.४ पट आहे. म्हणजे पिच ५६ मिलिमीटर. पंखा मिनिटाला २०,००० फेरे मारत असेल तर तो मिनिटाला १,१२० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६७ किलोमीटर जायला हवा. बोट प्रत्यक्षात ५४ ने पळाली तर साधारण २० टक्के घसरण झाली. ही घसरण थोडी असणारच. पण ती निम्म्यावर गेली तर समजा, तुमच्या बोटीची टर्बिनिया झाली आहे. तिथे मोटर मोठी करून उपयोग नाही, पंखा बदला.

आणखी काही साध्या गोष्टी :

१. एका वेळी एकच गोष्ट बदला. पंखा, बॅटरीची जागा आणि दांड्याचा कोन असं सगळं एकदम बदललं तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

२. प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहा : पंख्याचं माप, ठरलेलं अंतर कापायला लागलेले सेकंद आणि मोटर किती तापली. हात लावून चटका बसत असेल तर लगेच लहान पंखा लावा.

३. पंख्याची दोन्ही पाती सारख्या वजनाची हवीत. एक जड असेल तर दांडा थरथरतो आणि ताकद वाया जाते. जड पातं पॉलिश पेपरने हलकं करायचं. कडा धारदार असतात, म्हणून हे काम मोठ्यांसमोरच करा.

४. बोटीचं नाक पाण्यात खुपसत असेल तर बॅटरी थोडी मागे सरकवा. नाक उडत असेल तर थोडी पुढे.

५. प्रयोग शाळेच्या टाकीत किंवा उथळ पाण्यात, शिक्षकांबरोबरच करायचा. भातसा धरणावर किंवा शेततळ्यावर एकट्याने मुळीच जायचं नाही. बोट अडकली तर अडकली, तिच्यामागे पाण्यात उतरायचं नाही.

थोडा विचार करा

१. पार्सन्स यांनी टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये स्प्रिंगचं उपकरण बसवलं नसतं, तर त्यांनी कोणता चुकीचा निष्कर्ष काढला असता?

२. कॅव्हिटेशनच्या टाकीत गरम पाणी का वापरलं?

३. एका पंख्याचं पिच ५० मिलिमीटर आहे आणि तो मिनिटाला १८,००० फेरे मारतो. घसरण अजिबात नसेल तर बोटीचा वेग ताशी किती किलोमीटर असेल?

मुलांनो, पार्सन्स यांच्याकडे पैसा होता, कारखाना होता, हे खरं. पण बोट पळेना तेव्हा कामाला आल्या त्या दोन फुटांची बोट, दोन इंचांचा पंखा आणि मोजून पाहायची सवय. या तीन गोष्टी आपल्या शाळेतही जमण्यासारख्या आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत सोडवून आणा, वर्गात पडताळून पाहू.